न्यायप्रविष्ट कॅरिअर

सांगलीत मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, ते आमचे घरमालक लोणच्याच्या बरणीलासुद्धा लाखेचं सील ठोकत. यात अतिशयोक्ती काही नाही. बरणीच्या तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर मेणबत्तीच्या धगीने वितळवलेली लाल लाख, आणि लाख ओली आहे तोवर तिच्यावर बोटातल्या अंगठीचा दाबून ठसा. दोन-चार दिवसांनी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, विळीच्या टोकाने ते सील उडवत, फोडी काढून घेत आणि बरणी पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवत. ते पुन्हा मेणबत्ती पेटवत. लोणचं कुणी पळवत होतं अशातला भाग नाही. घरात खाणारी माणसं दोनच. एकुलता एक मुलगा लष्करात, तिकडे पंजाबात. पण उभा जन्म महसूल खात्यात काढलेल्या माणसाला उघडं दिसेल ते बंद करावंसं वाटतं आणि बंद केलं की त्यावर काहीतरी खूण करावीशी वाटते.

आधी साताऱ्याला, मग सांगलीला अशी नोकरी करून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना भाऊसाहेब म्हणे. त्यांनी मात्र कुणाला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. माणसाचा आपल्याशी जो कायदेशीर संबंध असेल, तीच त्याची हाक. मी ‘भाडेकरू’. शेजाऱ्यांची नावं जमिनीच्या कागदावर चतुःसीमा लिहितात तशी: ‘पूर्वेकडचे’ आणि ‘दक्षिणेकडचे’. सकाळी नळावर दात घासत उभा असलो की मागून आवाज येई, “भाडेकरू, पाण्याचा अपव्यय होतो आहे.” मी एका सहकारी संस्थेत नवा नवा कारकून होतो, गाव कोरेगावकडे, सांगलीत ओळखीचं कुणी नाही. त्यामुळे मी तोंडातला फेस तसाच ठेवून नळ बंद करी.

‘लेखी द्या’ हे त्यांचं आवडतं वाक्य. गवळी म्हणाला, उद्या दूध येणार नाही, म्हैस आटली. की लेखी द्या. गवळ्याला अक्षर येत नव्हतं. तो बिचारा चुलीतला कोळसा मागून घेई आणि दाराशेजारच्या भिंतीवर एक फुली काढी. भाऊसाहेब त्या फुलीखाली ‘समक्ष’ असं लिहून सही करत. दर दिवाळीला भिंतीला चुना लावताना तेवढा चौकोन सोडून द्यायचा, असा गवंड्याला हुकूम होता.

पूर्वेकडच्यांच्या शेवग्याची एक फांदी आमच्या परसात यायची. वाऱ्याने शेंगा पडल्या की दुसरं कुणी त्या उचलून आमटीत घालील. भाऊसाहेब मला पंच म्हणून बोलावत. शेंगा कुठे पडल्या, कोणत्या दिशेला तोंड करून पडल्या, हे मी पाहायचं आणि मान डोलवायची. तोवर काकी पाठीमागे कमरेवर हात ठेवून उभ्या. एकदा त्या म्हणाल्या, “आवं, तुमचा पंचनामा हुईस्तवर शेंगा जून व्हतील की!” भाऊसाहेब म्हणाले, “पंचांसमक्ष बोलू नका.” काकी वाकल्या, शेंगा उचलल्या आणि पदरात घालून आत गेल्या. आमटी फार चांगली झाली होती. पंच म्हणून मलाही एक वाटी मिळाली.

अशा माणसाबरोबर काकींनी संसार कसा केला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटे, पण ते गुरुवारपर्यंतच. गुरुवारी दुपारी भाऊसाहेब आपली काळी, उंच सायकल ओसरीवरून खाली काढत. तिच्या कॅरिअरवर घोंगडीची चौपदरी घडी घालून ती दोरीने आवळत. मग काकी एका अंगाला पाय सोडून बसत, मांडीवर पिशवी घेत, आणि दोघं माधवनगरला निघत. तिथे काकींची थोरली बहीण होती. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणायचो.

काकींचं माहेर कुंडलचं. आक्का लग्न होऊन माधवनगरला आल्या, त्यांचे मालक तिथल्या एका कापडगिरणीत होते. चार वर्षांपूर्वी आक्कांच्या अंगावरून वारं गेलं होतं. एक बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. राहिले होते ते केस. गुडघ्यापर्यंत येणारे, त्या वयातही बहुतेक काळे. कुंडलला विहिरीवर न्हायला बसल्या की बायका नुसत्या बघायला यायच्या, असं काकी सांगत. आजारी पडल्यावर आक्का ते केस दुसऱ्या कुणाच्या हाती देईनात. सुनेने फणी घेतली की ओरडत. म्हणून दर गुरुवारी काकी जायच्या, खोबरेल चोळायच्या, एकेक बट सोडवून वेणी घालायच्या. आठवडाभर पुरेल अशी घट्ट. काकींच्या पिशवीत तेलाची बाटली आणि लाकडी फणी असे. या बाटलीला मात्र भाऊसाहेबांनी कधी सील ठोकलं नाही.

बसने का जात नव्हत्या? काकींना बस लागायची. बस सुरू व्हायच्या आधीच लागायची. आणि टांग्याने जायची सोय भाऊसाहेबांनी स्वतःच घालवली होती. टांग्यात परवान्यापेक्षा जास्त माणसं बसवतात आणि घोड्याचे हाल होतात, असा लांबलचक अर्ज त्यांनी घोड्याच्या वतीने केला होता. अर्जाची दखल घेतली गेली, टांगेवाल्यांना दंड झाले. त्या दिवसापासून अड्ड्यावरचा एकही टांगा त्यांच्यासाठी हलेना. भाऊसाहेब लांबून येताना दिसले की सगळे टांगेवाले एकदम घोड्यांना वैरण घालायला लागत. तेव्हा राहिली सायकल. वाटभर काकी त्यांच्या पाठीशी बोलत असत आणि ते सरळ ताठ बसून, कचेरीची टपाल-पेटी न्यावी तसे त्यांना नेत. मी अनेकदा त्यांना रस्त्यात पाहिलं आहे. उत्तर देताना ते कधी दिसले नाहीत, पण खड्डा आला की सायकल अशी अलगद वळत असे की काकींचं वाक्यही तुटत नसे.

पंचाहत्तर साल उलटून गेलं होतं. आणीबाणी होती. भिंतीभिंतींवर शिस्तीची वाक्यं रंगवली होती, कचेऱ्यांतली माणसं वेळेवर येऊन वेळेवर काम न करता बसत होती, आणि पोलिसांना वरून हुकूम होता म्हणे, की रस्त्यावर शिस्त दिसली पाहिजे. मोटारवाले सांगलीत मोजकेच. आणि जे होते ते शिस्त लावणाऱ्यांच्याच ओळखीचे. मग उरले सायकलवाले. चौकाचौकांत हवालदार उभे राहिले आणि बिनदिव्याचे, बिनब्रेकचे, डबलसीटवाले धरू लागले.

एका गुरुवारी दोघं माधवनगरहून परतत असताना जकात नाक्याजवळ शिट्टी वाजली. हवालदार साताऱ्याकडचा, पोट सुटलेला, मनाने बरा माणूस. त्यालाही ऊन लागत होतं. तो म्हणाला, “आवं काका, डबलशीट हाय तुमचं. उतरा.”

भाऊसाहेबांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि मागे न बघता काकींना सांगितलं, “उतरू नका. उतरलात तर कबुली दिल्यासारखं होईल.”

काकी बसून राहिल्या. हवालदार म्हणाला, “आवं, उतरा की मावशी, लोकं बगत्यात.”

“सायकल थांबलेली आहे,” भाऊसाहेब म्हणाले. “थांबलेली सायकल हे वाहन नव्हे. ते बसायचं साधन आहे. आमच्या साधनावर कोण बसलं आहे याच्याशी पोलीस खात्याचा संबंध काय?”

“पर चालवत आलासा की मगाशी!”

“मगाशीचं मगाशी. आत्ता काय दिसतं ते लिहा.”

माणसं जमली. भाऊसाहेब हँडल धरून एका पायावर उभे, मागे काकी पदर सावरून बसलेल्या, समोर हवालदार डोकं खाजवत उभा. खरं तर तो त्यांना सोडूनच देणार होता. “जावा, पुन्ना करू नगा,” असं तो म्हणालाही. पण ‘पुन्हा करू नका’ म्हणजे एकदा केलं असा अर्थ होतो, हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं. “आपण काय लिहायचं ते लिहा,” ते म्हणाले, “मी समन्स घेतल्याशिवाय हलणार नाही.” मग मात्र हवालदारानं नाव लिहून घेतलं. माझ्या माहितीत हट्टाने खटला ओढवून घेणारा असा दुसरा माणूस नाही.

सायकलच्या खटल्यांची त्या वेळी एक रीत होती. सगळ्यांना एकाच दिवशी बोलावत. कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदार त्यांना रांगेत उभं करून तालीम देई: “सायबांनी इचारलं की कबूल म्हणायचं. जास्ती बोलायचं न्हाई. किरकोळ दंड भरायचा आन् घरला जायचं.” मग रांग आत जाई, नावं पुकारली जात आणि ‘कबूल, कबूल, कबूल’ असा एका लयीत आवाज येत राही. अर्ध्या तासात निम्म्या गावाची पापं धुऊन निघत. ज्यांनी काहीच केलेलं नसे तेसुद्धा लयीला धरून कबूल म्हणून जात. त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. भाऊसाहेब रांगेत एका गवळ्याच्या आणि एका गवंड्याच्या मध्ये उभे होते. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी.

“गुन्हा कबूल आहे?” तरुण मॅजिस्ट्रेटनी मान वर न करता विचारलं.

“कोणता?” भाऊसाहेब म्हणाले.

लय तुटली. मागचा गवंडी कबूल म्हणायला उघडलेलं तोंड मिटायचं विसरला. मॅजिस्ट्रेटनी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहिलं.

“सायकलवर डबलसीट. कबूल आहे की नाही?”

“नाही. मला रीतसर खटला हवा आहे.”

त्या वर्षी देशातली बरीच मोठी मोठी माणसं खटल्याविनाच आत जाऊन बसली होती आणि आमचे भाऊसाहेब खटला मागायला कोर्टात उभे होते. मॅजिस्ट्रेटनी लांब श्वास सोडला आणि पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सायकलच्या कॅरिअरला सील ठोकलं. घोंगडीच्या घडीवरून सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर अंगठी. काकी चुलीपुढून उठून आल्या.

“ह्ये काय केलंसा?”

“मुद्देमाल आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. निकाल लागेपर्यंत त्यावर कुणी बसायचं नाही.”

“आन् मी बेस्तरवारी जायचं कसं?”

“जायचं नाही. पुन्हा बसलात आणि कुणी पाहिलं, तर आपल्याला सवय आहे असं सिद्ध होतं. मग खटला मेला. जरा दम धरा. तुमच्या बसण्याच्या हक्कासाठीच मी लढतो आहे.”

काकी कितीतरी वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत उभ्या होत्या. लोणच्याचं सील उडवणारी विळी हाताशीच होती. पण लोणचं काकींचं होतं, सायकल भाऊसाहेबांची होती. त्या आत गेल्या.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. एका तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर. एका तारखेला सरकारी वकील आले नाहीत. एका तारखेला हवालदार कुणा मंत्र्याच्या बंदोबस्ताला महाबळेश्वरला गेलेला. पावसाळ्यात महाबळेश्वरला मंत्र्यावर कोण हल्ला करणार होतं कोण जाणे. एका तारखेला सगळे हजर, तर कागद सापडेनात. भाऊसाहेब प्रत्येक तारखेहून प्रसन्न होऊन येत. निवृत्तीनंतर त्यांना प्रथमच कचेरीचा वास मिळत होता. बार-रूममधले वकील त्यांना चहा पाजू लागले, त्यांचे मुद्दे ऐकायला गोळा होऊ लागले. थांबलेल्या सायकलचा मुद्दा जुना झाल्यावर त्यांनी नवा काढला: बायको ही नवऱ्याची अर्धांगी. म्हणजे सायकलवर पुढे अर्धा आणि मागे अर्धा मिळून माणूस एकच. मग डबलसीट आली कुठून? वकिलांनी टेबलं बडवली. भाऊसाहेबांना वाटलं, मुद्दा पटला.

तो मुद्दा त्यांनी घरी येऊन काकींना ऐकवला. काकी तांदूळ निवडत होत्या. “मी अर्धी?” त्या म्हणाल्या. “मग जेवणबी अर्धंच करते आजपासनं.” त्या दिवशी भाऊसाहेबांना आमटीशिवाय भात मिळाला.

पण काकींच्या विनोदातली धार दिवसेंदिवस कमी होत होती. एका गुरुवारी त्या चालत माधवनगरला गेल्या. परत आल्या तेव्हा गुडघा कलिंगडासारखा सुजला होता. मग आठ दिवस भिंत धरून चालत होत्या. पुढे एकदा बसने निघाल्या, पहिल्याच थांब्यावर उतरून रस्त्याच्या कडेला बसल्या आणि कुणीतरी त्यांना घरी आणून सोडलं. मग मी म्हटलं, “काकी, माझ्या सायकलवरून चला.” त्यांचे डोळे चमकले. आम्ही पायरीपर्यंत पोचलो असू नसू, तोच भाऊसाहेबांचा आवाज आला, “भाडेकरू! माझ्या साक्षीदाराला दुसऱ्या गुन्ह्यात गोवू नका.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कॅरिअरवरही लाल लाख होती. मला हसू आलं, आणि हसून झाल्यावर त्यांचा फार राग आला. तो राग आजही पुरता गेलेला नाही.

माधवनगरहून अधूनमधून निरोप यायचा. गिरणीतला कुणीतरी सांगली बाजाराला आला की सांगून जाई, “आक्का दाराकडं बगत आसत्यात. बेस्तरवार त्यास्नी बराबर कळतो बगा.” काकी त्याला चहा देत आणि तो गेला की परसात जाऊन बसत. भाऊसाहेबांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते म्हणत, “आता फार तर एक तारीख.” असं म्हणता म्हणता पावसाळा संपला.

शेवटी साक्षीची तारीख लागली. बचावाचा साक्षीदार एकच, काकी. आदल्या आठवड्यात रोज ओसरीवर तालीम चाले. पाट हा पिंजरा, भाऊसाहेब मॅजिस्ट्रेट आणि सरकारी वकील म्हणून मी.

“तुम्ही सायकलवर कधी बसलात?” मी विचारायचं.

“सायकल उभी व्हती तवा,” काकींनी सांगायचं. त्या एवढंच सांगत आणि गप्प होत. भाऊसाहेब खूश असत. साक्षीदार थोडक्यात बोलतो, ही त्यांना मोठी गुणाची गोष्ट वाटे.

साक्षीचा वार गुरुवार होता. काकी सकाळीच न्हाऊन, धुवट इरकली नेसून तयार झाल्या. हातात पिशवी होती. भाऊसाहेब म्हणाले, “कोर्टात पिशवी कशाला?” त्या म्हणाल्या, “आसू द्या.” घरापासून राजवाड्यातल्या कोर्टापर्यंत भाऊसाहेब मुद्देमाल हाताने ढकलत चालत गेले, मागून काकी लंगडत, आणि मी माझी सायकल ढकलत, कारण ती चालवावी अशी त्या मिरवणुकीत सोय नव्हती.

कोर्ट भरलं होतं. दंड भरून मोकळे झालेले सायकलवालेसुद्धा थांबून राहिले होते. हवालदाराची साक्ष आधीच झाली होती. तो भिंतीला टेकून उभा होता. व्हरांड्यात तो मला म्हणालाही होता, “लय ताप झालाय बगा. ह्येच्यापरीस दरोडेखोर धरला आसता तर बरं झालं आसतं.”

काकींना शपथ दिली. भाऊसाहेबांनी खाकरून विचारलं, “साक्षीदार, त्या दिवशी तुम्ही सायकलवर कधी बसलात?”

काकींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं.

“सायेब, खरं सांगू का?”

“खरंच सांगायचं असतं, बाई.”

“मग बसले व्हते. उभ्या सायकलवर न्हाई, चालत्या. घरापासनं बसले ती माधवनगरला उतरले. येताना परत बसले. आन् अर्धीबिर्धी न्हाई, अख्खी बसले व्हते.” कोर्टात हशा झाला. काकी थांबल्या आणि हशा संपल्यावर बोलल्या. “माझी आक्का आंथरुणाला खिळून हाय. तिची येणी घालायला मी जाते. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई ती. ह्ये मला लगीन झाल्यापासनं सायकलवर नेत्यात. एक डाव पाडलं न्हाई मला. पर ह्या खटल्यापायी नेणं बंद केलंय. पावसाळा गेला सगळा. ती वाट बगती, सायेब. काय दंड आसंल त्यो घ्या आन् आमाला जाऊ द्या.”

कुणी हसलं नाही. सरकारी वकील उठले, काही न विचारता बसले. मॅजिस्ट्रेट भाऊसाहेबांना म्हणाले, “तुमच्या साक्षीदाराला आणखी काही विचारायचं आहे?”

“नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

किरकोळ दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. म्हणजे दिवसाचं कामकाज आटोपेपर्यंत गुन्हेगाराने तिथेच बसून राहायचं. काकींना ते कुणीतरी समजावलं. “कोर्ट कवा उठतंय मग?” त्यांनी विचारलं. शिरस्तेदार म्हणाला, “संध्याकाळी.” काकींचा चेहरा एवढासा झाला. मॅजिस्ट्रेटनी ते पाहिलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं, “कोर्ट पाच मिनिटं उठत आहे,” असं म्हणाले आणि उठून आत चहा प्यायला गेले.

बाहेर आल्यावर भाऊसाहेबांना वाचा फुटली. निकाल कायद्याला धरून नाही, साक्षीदार फितूर झाला, आपण अपील करणार. काकी सायकलजवळ गेल्या आणि सुतळीला हिसका देऊन त्यांनी सील तोडलं.

“अगं, मुद्देमाल...”

“आता कसला मुद्देमाल? शिक्षा झाली न्हवं तुमाला? अपील करा न्हाईतर काय बी करा. पर आदी चला.”

हवालदार शेजारी होता. “मावशी, बसा बिनघोर,” तो म्हणाला. “मी चा प्यायला चाललोय.” आणि पाठ फिरवून निघूनही गेला. काकी बसल्या. भाऊसाहेबांनी पायडल मारलं. मीही मागोमाग निघालो; एवढी रजा काढलीच होती, आणि आक्कांचा चेहरा बघावा असं मनातून फार वाटत होतं. वाटभर काकी बोलत होत्या. पावसाळ्यात साठलेलं सगळं त्या त्यांच्या पाठीला सांगत होत्या.

गिरणीमागच्या चाळीत आक्कांचं बिऱ्हाड होतं. सून दारात आली. काकींना बघून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. काकी पिशवीतून बाटली काढत आत गेल्या. आणि तिथेच उभ्या राहिल्या.

खाटेवर आक्का होत्या. केस नव्हते. कात्रीने मिळेल तसे, कुठे आखूड कुठे लांब, मानेच्या वर कापले होते.

“मावशी, तुमी आलाच न्हाईसा,” सून रडत म्हणाली. “मी फणी घिऊन बसायची, हात लावू द्यायच्या न्हाईत. गुंता हुन पार जटा झाल्या. मानंखाली जखम झाली, पू झाला. डाक्टर म्हनले, कापा. मामंजींनी कापलं, मावशी. ह्या बी रडल्या, त्ये बी रडले.”

काकींच्या एका हातात बाटली, एका हातात फणी. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. एका थांबलेल्या सायकलच्या मुद्द्यावर वकिलांनी टेबलं बडवली होती, तेव्हा इथे हे चाललं होतं.

भाऊसाहेब उंबऱ्याबाहेर उभे होते. थोरल्या मेव्हणीच्या खोलीत ते कधी जात नसत. दर गुरुवारी बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, दिलेला चहा प्यायचा, ही त्यांची रीत. त्या दिवशी त्यांनी वहाणा काढल्या आणि आत आले. खाटेपाशी आले, खाली पाहत उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली आणि खाटेच्या पायाशी जमिनीवर बसले. मी त्यांना बोडक्याने पहिल्यांदा पाहत होतो. डोक्यावर एक केस नव्हता.

आक्का त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा चांगला हात हळूहळू वर आला, स्वतःच्या कापलेल्या केसांवरून फिरला, मग खाली गेला आणि त्याचं बोट भाऊसाहेबांच्या टकलाकडे झालं. चेहऱ्याची चांगली बाजू थरथरली. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. आवाज कसातरीच येत होता, पण ते हसणंच होतं. मग काकींचा बांध फुटला. त्या रडत रडत हसायला लागल्या, आणि खाटेवर बसून त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

ओंजळीत तेल घेऊन त्यांनी आक्कांच्या त्या वेड्यावाकड्या केसांना चोळलं, सावकाश, वेणी घालायची असल्यासारखं, टाळूपासून मानेपर्यंत. केस थोडे, तेल जास्त झालं. तळव्यात उरलं. काकींनी इकडेतिकडे पाहिलं, वाकल्या आणि उरलेलं तेल भाऊसाहेबांच्या टकलावर चोळायला लागल्या. जरा जोरातच चोळत होत्या. भाऊसाहेब मान खाली घालून बसून राहिले.